श्रीनिवासचं नौकानयन

होडी घ्यायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. थर्कबीच्या धरणावर त्या दिवशी जमलेल्या गर्दीचा समज तसा झाला आहे, आणि इंटरनेटवर जो व्हिडिओ फिरतो आहे त्यातही माझंच तोंड दिसतं. तोंड आणि छाती. बाकीचा मी चिखलात होतो.

कल्पना श्रीनिवासची. तो हाडांचा सर्जन, मी भूल देणारा. लेस्टरच्या एकाच ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही उभी हयात काढली. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांचं नातं नवरा-बायकोसारखं असतं. एकाने आरडाओरडा करायचा आणि दुसऱ्याने घर चालू ठेवायचं. पेशंट बरा झाला की फुलं सर्जनला. भूल देणाऱ्याचा चेहरा पेशंटला आठवतच नाही, आणि आठवलाच तर ती आमच्या कामातली चूक समजली जाते.

त्या वसंतात श्रीनिवासच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. स्कॅन त्यानेच मला दाखवला, फोनवर, नातवंडाचा फोटो दाखवावा तसा. मी बघितला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. दोघेही डॉक्टर असण्याची सोय ही, की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. गैरसोयही तीच.

"पद्माकर, मला होडीत बसायचंय," तो म्हणाला.

"क्रूझचं बघू या का? नॉर्वे वगैरे?"

"क्रूझ नको. तिथे सगळे म्हातारे असतात. होडी. वल्ह्यांची. तू वल्हवायची, मी बसायचं."

"मला पोहता येत नाही."

"मी आहे ना. सांगलीचा आहे मी."

कृष्णेच्या पुरात उड्या मारलेला माणूस, हे खरं. पण त्याच दिवशी आमच्या दारातल्या तीन पायऱ्या चढताना तो मध्ये थांबला होता आणि कुंडीतल्या तुळशीची चौकशी करत असल्याचं त्याने दाखवलं होतं.

जाणाऱ्या माणसाची इच्छा मोडू नये असं आपल्याकडे म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी इंग्लंडमध्ये होडी पाण्यात घालायचा प्रयत्न कधी केलेला नसावा.

होडी मिळाली तेवढंच सोपं गेलं. एक निवृत्त दंतवैद्य गुडघ्यांमुळे आपली होडी काढून टाकत होते. ते गुडघे श्रीनिवासनेच बदललेले निघाले, त्यामुळे बोलणी जरा अवघडली. पण होडी मिळाली. हिरवी, फायबरची, ट्रेलरसकट. मागच्या बाजूला पांढऱ्या अक्षरांत नाव होतं, 'सेकंड ओपिनियन'.

"नाव बदलून टाकू," मी म्हणालो.

"राहू दे," श्रीनिवास म्हणाला. "फर्स्ट ओपिनियन फारसं चांगलं नव्हतं."

होडी आमच्या ड्राइव्हवेवर येऊन बसली आणि त्या दिवसापासून आमचं घर सार्वजनिक झालं. सुहासिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, दारात उभं राहून तिला न्याहाळलं आणि म्हणाली, "अहो, गॅरेजात तो ट्रेडमिल आहे, त्याच्यावर तुम्ही किती चाललात?" एवढंच. समोरचे ब्रायन कुत्रा फिरवताना रोज थांबत, होडीकडे बघत, मग माझ्या पोटाकडे बघत आणि "लव्हली" म्हणून पुढे जात. इंग्रज माणूस एका शब्दात आपली सगळी पात्रता काढतो आणि वर आपण त्याला थँक यू म्हणतो.

शेजारचे संजयभाई मात्र शब्दांची काटकसर करणारे नव्हेत. ते मोंबासाचे गुजराती. केनियातून लहानपणी आले, इथे औषधांचं दुकान काढलं, आणि सुहासिनीशी बोलून बोलून मराठी शिकले. "पद्माकरभाई, मी समुद्रावर वाढलो," ते म्हणाले. समुद्रावर वाढलो म्हणजे त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, हे मला पुढे कळलं. त्यांनी सांगितलं की होडीला तळाशी मेण लावा, नारळ फोडा, आणि पहिल्यांदा पाण्यात घालताना बायकांना दूर ठेवा. तिसरी सूचना सुहासिनीच्या देखत केल्यामुळे पहिल्या दोन्हीही बाद झाल्या.

आता थर्कबी. एक लहानशी नदी अडवून केलेला हा जलाशय लेस्टरपासून तासाभरावर आहे. तिथे मला कळलं की पाणी हे नळाने पाणी पुरवणाऱ्या कंपनीचं आहे, पण पाण्यावर तरंगण्याचा हक्क सेलिंग क्लबचा. पाण्याखालचे मासे एका मच्छीमार मंडळाचे आणि काठावरची बदकं निसर्ग जपणाऱ्या एका संस्थेची. आपल्या वाट्याला फक्त पार्किंग येतं. या सगळ्यांच्या वतीने तिथल्या ऑफिसात केली नावाची एक तरुण, अतिशय गोड मुलगी बसायची. इतक्या गोडपणाने नकार मिळायला लागला की माणसाला भांडताही येत नाही.

केली म्हणाली की होडी पाण्यात घालण्याआधी ती धुऊन, वाळवून तपासून घ्यावी लागेल. परदेशातून आलेल्या काही प्रजाती होडीच्या तळाला चिकटून येतात. एकदा शिरल्या की पसरतात, मग निघत नाहीत आणि इथल्या मूळच्यांना जागा उरत नाही.

"आम्हाला एअरपोर्टवरच तपासलं होतं," श्रीनिवास नम्रपणे म्हणाला.

केली कानापर्यंत लाल झाली. मग तिने घाईघाईने विचारलं की प्रवाशाला काही आजार वगैरे आहे का.

"मी प्रवासी नाही," श्रीनिवास म्हणाला. "मी सामान आहे."

होडी धुवायची तर त्याच आठवड्यात पाईपने पाणी वापरायला बंदी आली. पाऊसच नव्हता. लॉन पिवळी पडली होती, आणि बंदीच्या यादीत खासगी होड्या धुणं हे स्वतंत्रपणे नमूद होतं. म्हणजे होडी धुतल्याशिवाय पाण्यात जायची नाही, आणि पाणी कमी असल्यामुळे ती धुवायची नाही. दोन्ही हुकूम एकाच कंपनीचे. मी हे केलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आय कम्प्लीटली अंडरस्टँड," आणि पुढे काहीच झालं नाही. अखेर मी बादली आणि भांडी घासायचा ब्रश घेऊन रांगत रांगत ती होडी धुतली. ब्रायन दोनदा "लव्हली" म्हणाले.

मी परवानग्या गोळा करत होतो आणि तिकडे थर्कबीचं पाणी उतरत होतं. फाटकापाशी पातळीचा फलक होता. आम्ही दर आठवड्याला श्रीनिवासच्या केमोनंतर तिथे गाडी नेऊन थांबायचो. दर खेपेला आकडा खाली गेलेला असायचा आणि श्रीनिवासचा पट्टा आणखी एका भोकाने आवळलेला असायचा. काठ उघडा पडत चालला होता, तपकिरी, भेगाळलेला. क्लबच्या होड्या सोडायचा काँक्रीटचा उतार आता चिखलात संपत होता.

"बघू या कोण आधी तळाला जातो," श्रीनिवास गाडीतून बघत म्हणाला.

मी गाडी सुरू केली. अशा वाक्यांना उत्तर द्यायचं ट्रेनिंग आम्हाला मेडिकल कॉलेजात मिळालेलं नाही.

ऑगस्टमध्ये शाल्मली आली. ही श्रीनिवासची एकुलती एक मुलगी. एडिनबरात एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. तिची आई, रश्मीवहिनी, गेल्यापासून बापलेकीत ती बाप झाली होती. जन्म लेस्टरचा, मराठी आग्रहाने बोलायची, पण मराठीतल्या लिंगांशी तिचं कधी जुळलं नाही.

"काका," ती आमच्या ड्राइव्हवेवर उभी राहून म्हणाली, "बाबाला इन्फेक्शन झालं तर? ते पाणी किती डर्टी आहे. तुम्ही आधी ते बोट काढून टाका."

"कुठल्या हाताचं?" श्रीनिवास मागून म्हणाला. "मी आयुष्यभर जोडलीच. काढायला कुणी सांगितलं नव्हतं."

ती हसली नाही. तिने सुट्टी काढली होती, फ्लॅटमधली खोली लावून ठेवली होती. एडिनबराच्या हॉस्पिटलात एका नव्या औषधाची ट्रायल होती आणि तिने शब्द टाकून, फोन करून करून बाबाचं नाव तिथे घालून घेतलं होतं. पुढच्या सोमवारी ती त्याला घेऊन जाणार होती. "बाबा, तू येतोस ना," ती म्हणाली. श्रीनिवास म्हणाला, "बघू." मराठी माणसाच्या 'बघू'चा अर्थ तिला कुणी शिकवला नव्हता.

त्याच दुपारी केलीचा फोन आला. पाणी आणखी उतरलं तर सगळ्या होड्या बंद होणार. आमची तपासणी पूर्ण झाली होती. शुक्रवारपर्यंत यायचं असेल तर धरणाच्या भिंतीजवळचा धक्का वापरता येईल, तिथे पाणी खोल आहे. हद्द दाखवणाऱ्या पिवळ्या तरंगत्या बोयांच्या पलीकडे मात्र जायचं नाही.

शुक्रवारी आम्ही गेलो. ट्रेलर ओढायला संजयभाईंची व्हॅन. सुहासिनी थर्मास आणि थालीपिठं घेऊन. शाल्मली, तोंड बंद करून, मागच्या सीटवर. तिने बापाला दोन स्वेटर आणि त्यावर लाइफ जॅकेट घातलं. एवढं घालूनही तो बारीक दिसत होता.

थर्कबीला जत्रा भरली होती. पाणी उतरल्यामुळे वरच्या अंगाला, जिथे नदी येऊन मिळते तिथे, जुना दगडी पूल वर आला होता. तो बघायला लोक लोटले होते. कोरड्या पडलेल्या तळावर आइस्क्रीमची व्हॅन उभी होती. पाणी संपलं म्हणून इतका आनंद झालेली माणसं मी प्रथमच पाहिली.

थर्मास आणि थालीपिठं होडीत घेऊन आम्ही दोघं धक्क्यावरून निघालो. संजयभाईंनी नारळ आणला होता, पण केलीने तो बदकांच्या नावाखाली गोडपणे काढून घेतला.

वल्हवणाऱ्याची एक अडचण कुणी मला सांगितली नव्हती. तो पाठमोरा बसतो. आपण कुठे चाललोय ते त्याला दिसत नाही, कुठून आलो एवढंच दिसतं. समोर बसलेल्या श्रीनिवासला सगळं दिसत होतं आणि तो मार्ग सांगत होता. "थोडं डावीकडे. अजून. आता सरळ." त्याचा हात पाण्यात होता. ऊन होतं. मला दम लागला होता, तळहात सोलत होते, पण धक्क्यावरची सुहासिनी लहान लहान होत गेली आणि मला खरोखर बरं वाटायला लागलं. होडी सरकत होती. मी ती सरकवत होतो. मी ब्रायनचा विचार केला.

मग एक पिवळा बोया आमच्या बाजूने गेला. चिखलात आडवा पडलेला.

"श्रीनिवास, तो बोया—"

"सरळ," तो म्हणाला.

होडी खसकन थांबली. मी वल्हं रोवून ढकललं. वल्हं रुतलं. ओढलं, तर ते तिथेच राहिलं. तेव्हा मी, जबाबदार नाविक या नात्याने, होडी ढकलण्यासाठी बाहेर पाय टाकला. दुसरा पायही टाकला. तेवढ्या वेळात पहिला गुडघ्याच्या वरपर्यंत रुतला होता. थर्कबीचा गाळ हा पदार्थ वरून जमिनीसारखा दिसतो आणि आतून बासुंदीसारखा असतो. काही क्षणांत मी कमरेपर्यंत आत होतो. होडीचा काठ धरला म्हणून तिथे थांबलो. आता माझं डोकं आणि बसलेल्या श्रीनिवासचं डोकं एका पातळीवर आलं होतं.

पुलावरच्या गर्दीने आम्हाला पाहिलं. फोन वर झाले. कुणीतरी ओरडून सांगितलं की हलू नका. कुणीतरी सांगितलं, आडवे व्हा. एका बाईने आपल्या मुलाला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी समजावलं. नागरिकशास्त्राचा धडा असावा.

"तुला समोर चिखल दिसत नव्हता का?" मी विचारलं.

"दिसत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तू परत फिरला असतास."

त्याने थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला. मी एका हाताने घेतला. कमरेखाली गार पडत चाललं होतं. त्याच्या समोर, थोड्या अंतरावर, नदी दिसत होती. गाळातून वाट काढत येणारा एक बारीक प्रवाह. तो तिकडे बघत राहिला.

"एडिनबराला मी जाणार नाही," तो म्हणाला.

मी चहा प्यालो.

"त्या ट्रायलचे पेपर तूही वाचलेस. चार-सहा आठवडे जास्त, तेही ओकण्यात. मला माझ्या घरात राहायचंय. मग शेवटच्या दिवसांत हॉस्पिस. तिथे मी विचारून आलोय."

"शाल्मलीला सांग."

"तू सांग."

"का? तिचा बाप तू आहेस."

"मी सांगायला गेलो की ती लहान होते. पाच वर्षांची. मग मी हो म्हणतो. आजवर असंच झालंय. थिएटरबाहेर नातेवाइकांशी तूच बोलायचास. मी हातमोजे काढून पळायचो. तुला वाटायचं मला घाई आहे."

मला तसंच वाटायचं. मी रिकामं झाकण परत दिलं. त्याने ते स्वेटरला पुसलं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "शेवटी कसं वाटतं रे? तू एवढ्या लोकांना झोपवलंस."

"मला नाही माहीत," मी म्हणालो. "मी सगळ्यांना परत उठवलंय."

त्याने मान डोलावली. त्याने थालीपिठाचा एक तुकडा मोडला, तोंडात टाकला, आणि तो त्याच्या पोटात राहिला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. डॉक्टर म्हणून मी त्याची नोंद घेतली.

फायर ब्रिगेड आली. त्यांनी हवा भरलेल्या लांब पट्ट्या चिखलावर अंथरल्या आणि चौघेजण त्यावरून सरपटत आले. श्रीनिवासला त्यांनी घसरगाडीवर निजवलं, पट्टे बांधले. तो आकाशाकडे बघत, हात छातीवर ठेवून, एखाद्या संस्थानिकाच्या थाटात काठाकडे निघाला. पुलावरून टाळ्या पडल्या.

माझ्या सुटकेला जास्त वेळ लागला. त्यांनी माझ्या पायांभोवती नळीने पाणी सोडलं. त्या नळीला बंदी लागू नव्हती, असं मी विचारल्यावर एकाने सांगितलं. मग काखेत पट्टा घालून ओढलं. मी आलो. माझी पँट आली नाही. बूटही तिथेच राहिले. मी लेस्टरच्या तीन हॉस्पिटलांचा मानद सल्लागार, आणि मला चांदीच्या कागदात गुंडाळून, बटाटा भाजायला ठेवतात तसा, काठावरच्या गवतावर बसवण्यात आलं. संजयभाईंनी गर्दीला जाहीर केलं की मोंबासात असं कधी घडलं नसतं. सुहासिनीने आपली शाल माझ्या मांड्यांवर टाकली आणि बाजूला बघत राहिली. ती हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही.

श्रीनिवास अँब्युलन्समध्ये, ऑक्सिजन लावून. शाल्मली त्याच्याकडून थेट माझ्याकडे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काका, हे काय केलंत? सोमवारी त्याला ट्रॅव्हल करायचं आहे."

चांदीच्या कागदात बसून, बिनपँटीचं, कुणाला काही गंभीर सांगायची वेळ माझ्यावर आजवर आली नव्हती. मी तिला बसायला सांगितलं. ती ओल्या गवतावर बसली.

"तो येणार नाहीये, बाळा," मी म्हणालो.

"ही इज जस्ट टायर्ड. मी बोलेन त्याच्याशी."

"त्याने मला सांगितलंय. तुला सांगायला सांगितलंय. त्याला इथेच राहायचंय. औषध नको आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. कागद वाऱ्याने खुळखुळत होता, मी तो हाताने दाबून धरला.

"माझा चूक झाला का?" तिने विचारलं. "मी त्याला फोर्स केला?"

"नाही."

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"तुला नाही म्हणायचं त्याला जमत नाही. कधीच जमलं नाही."

ती उठली. जाता जाता वाकून तिने माझ्या खांद्यावरचा कागद नीट केला. मग अँब्युलन्समध्ये चढली आणि दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दार उघडलं तेव्हा ती त्याच्या उशाशी बसली होती आणि तो झोपला होता.

सोमवारची ट्रेन तिने रद्द केली आणि लेस्टरलाच राहिली. श्रीनिवास ऑक्टोबरात वारला, हॉस्पिसमध्ये, फारसा त्रास न होता. त्या सकाळी मी नव्हतो, ती होती. तोवर व्हिडिओ भारतात पोचला होता आणि पुण्याहून माझ्या मावसभावाने, मी रिटायरमेंटनंतर छंद जोपासल्याबद्दल, अभिनंदन कळवलं होतं. मग पाऊस लागला तो थांबेना. बंदी उठली. होडी केलीने चिखलातून काढवून धक्क्याशी ठेवली होती. ती आणायचं मी आज-उद्या करत राहिलो.

जानेवारीत शाल्मली बापाचं घर आवरायला आली. शेवटच्या दिवशी म्हणाली, "काका, मला तिथे घेऊन जाल?"

आम्ही दोघंच गेलो. थर्कबी तुडुंब भरलं होतं. पूल नव्हता, चिखल नव्हता, आइस्क्रीमची व्हॅन जिथे उभी होती तिथे लाटा येत होत्या. भिंतीपासून त्या टोकापर्यंत सगळं एकसारखं, राखाडी पाणी. वारा अंगात शिरत होता.

"कुठे होतात तुम्ही?" तिने विचारलं. "तो तुमच्याशी बोलला, ते कुठे?"

मी खूण शोधली. बोया नव्हता, झाड नव्हतं, काही नव्हतं. मग मी हात वर केला आणि पाण्याकडे दाखवलं.

"तिथे," मी म्हणालो.

ती तिकडे बघत उभी राहिली. बराच वेळ. माझा हात दुखायला लागला, पण मी तो खाली घेतला नाही.